पालघर, नोव्हेंबर २०१२: एक पोस्ट, तीन कलमं आणि ठाण्याबाहेरचा जमाव

इंटरनेटवरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मराठीत चर्चा निघाली की पालघरचं नाव येतंच. बहुतेकांच्या लक्षात राहिलेली हकिगत अशी: फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, देशभर ओरड झाली, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं, विषय संपला. यातला प्रत्येक तुकडा खरा आहे, पण जोडून जे चित्र तयार होतं ते बरंचसं फसवं आहे. त्या दिवशी मुलींच्या जामिनाचा प्रश्न ज्याने निर्माण केला ते ६६-अ नव्हतंच, आणि जे होतं ते नाव बदलून आजही कायद्यात आहे. म्हणून हे प्रकरण निकालाच्या बाजूने न वाचता पोलीस ठाण्याच्या बाजूने वाचावं, असं मला वाटतं.

शनिवार ते सोमवार

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. दुपारी बाळासाहेब ठाकरे यांचं वांद्र्याच्या 'मातोश्री'वर निधन झालं. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मुंबईची शटर खाली होती, टॅक्सी-रिक्षा दिसत नव्हत्या.

त्या रविवारी पालघरमधल्या विशीतल्या एका मुलीने फेसबुकवर इंग्रजीत काही ओळी लिहिल्या. आशय असा: रोज हजारो माणसं मरतात आणि जग चालूच राहतं, एका राजकारण्याला नैसर्गिक मृत्यू आला म्हणून सगळे वेडेपिसे झालेत, भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटचं दोन मिनिटं स्तब्ध कधी उभे राहिलो? आदर कमवावा लागतो, तो लादता येत नाही. आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. सुरुवातच 'सर्व आदर राखून' अशी होती. बाळासाहेबांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट 'लाइक' केली.

लाखो लोक त्या दिवशी मनापासून रडले, यात शंका नाही. शिवाजी पार्कवर लोटलेली गर्दी भीतीने आली होती असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि पोस्टसुद्धा तसं म्हणत नव्हती. ती बोलत होती शटरबद्दल. मुंबईत राहिलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागू नये. पण पोस्ट शहाणपणाची होती की उद्धट, वेळ बरी निवडली की वाईट, हा प्रश्न पोलिसांचा नाही. शेजाऱ्यांनी नाक मुरडावं, नातेवाइकांनी कान उपटावेत, मित्रांनी 'अनफ्रेंड' करावं. तिथपर्यंत सगळं ठीक.

शिवसेनेच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याने तक्रार केली. संध्याकाळी मुलीला ठाण्यात बोलावलं गेलं. तोवर तिने पोस्ट काढून टाकली होती, माफीही मागितली होती. ठाण्यासमोर जमाव जमला होताच. दुसऱ्या एका जमावाने तिच्या काकांच्या अस्थिरोग रुग्णालयावर चाल करून तिथली मोडतोड केली. काकांचा पोस्टशी संबंध एवढाच, की ते तिचे काका. सोमवारी सकाळी दोघींना रीतसर अटक झाली आणि न्यायालयात उभं केलं गेलं. दंडाधिकाऱ्यांनी आधी १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली आणि मग प्रत्येकी १५ हजारांच्या जामिनावर दोघी त्याच दिवशी सुटल्या.

एकूण चोवीस तासांच्या आतबाहेरचा हा मामला. मात्र त्या चोवीस तासांत ठाण्यामध्ये जे ठरलं त्याला पुढे दिल्लीत जे घडलं त्याच्यापेक्षा मी जास्त महत्त्व देतो.

कोणतं कलम, आणि का

जमाव बाहेर घोषणा देतोय, आतमध्ये एक तरुण मुलगी बसलीय, आणि ठाणेदाराला काहीतरी करून दाखवायचंय. अशा वेळी फौजदारी कायदा उघडला जातो तो गुन्हा शोधायला नाही, हातातल्या माणसाला बसेल असं कलम शोधायला. पालघरमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं, कारण कलम मध्येच बदललं गेलं.

सुरुवातीला चर्चेत आलं भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ. हे कलम धर्मभावना दुखावण्याचं आहे. त्यासाठी एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा मुद्दाम, दुष्ट हेतूने अपमान व्हावा लागतो. पोस्टमध्ये धर्म नावालाही नव्हता. राजकीय नेता कितीही वंदनीय असला तरी कायद्याच्या भाषेत तो धर्म होत नाही. हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण ते बाजूला पडून ५०५ (२) आलं.

५०५ (२) म्हणजे धर्म, वंश, भाषा, जात, जन्मस्थान अशा आधारावर गटागटांत वैर किंवा द्वेष पसरावा म्हणून अफवा किंवा खळबळजनक मजकूर असलेलं विधान प्रसिद्ध करणं. आता पोस्ट पुन्हा वाचा. अफवा कोणती? खळबळजनक बातमी कोणती? आणि ते दोन गट कुठले? सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, बिलाल अहमद कालू यांच्या खटल्यात, हे आधीच निकाली काढलं होतं: या कलमासाठी किमान दोन गट समोरासमोर असावे लागतात, एकाच गटाच्या भावनांबद्दल बोलणं, तेही दुसऱ्याचा उल्लेख न करता, यात बसत नाही. म्हणजे पालघरच्या ठाण्यात ते कलम लिहिलं गेलं तेव्हा पंधरा वर्षं जुना, स्पष्ट निकाल त्याच्या विरोधात उभा होता.

आणि तिसरं, बदनाम झालेलं ६६-अ. संगणकावरून किंवा फोनवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' किंवा 'धमकीवजा' मजकूर पाठवणं, किंवा खोटी माहिती ठाऊक असूनही त्रास, गैरसोय, अपमान, वैरभाव वगैरेंसाठी वारंवार पाठवणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आक्षेपार्ह म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. त्यामुळे हे कलम कुठेही बसायचं.

इथे एक तांत्रिक बाब आहे, जी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हरवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७-ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे जामीनपात्र आहेत. म्हणजे फक्त ६६-अ लावलं असतं, तर जामीन हा त्या मुलींचा हक्क होता; तो देणं न देणं कुणाच्या मर्जीवर नव्हतं. ५०५ (२) मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र. ते जोडल्याबरोबर जामिनाचा निर्णय ठाण्याच्या हातातून गेला, मुलींना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं भाग पडलं, आणि त्यांना अर्ज करून जामीन मागावा लागला. ज्या फौजदारी वकिलाने एकदा तरी रिमांडसाठी सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात वाट पाहिली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. गुन्ह्याच्या कागदावर जामीनपात्र कलमाशेजारी एखादं अजामीनपात्र कलम लिहिलं जातं, तेव्हा ते सहसा पुराव्यातून आलेलं नसतं.

शिवाय अटक करायलाच हवी होती का? फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-अ तेव्हा लागू होतं: सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर नोटीस देऊन बोलवा. पुरावा स्क्रीनवर होता, आरोपी पळून जाणाऱ्या नव्हत्या, मजकूर तर काढूनही टाकला होता. नोटिशीने भागलं असतं. पण नोटिशीने बाहेरचा जमाव पांगला नसता, आणि खरी मेख तिथेच आहे.

जमावाबद्दलही कायदा मुका नव्हता. १९८९ मध्ये, एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात (एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम), सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की निदर्शनांच्या, हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, विरोधी जमाव आवरता येत नाही अशी सबब सरकारला सांगता येत नाही, तो आवरणं हेच सरकारचं कर्तव्य. पालघरमध्ये याच्या बरोबर उलट झालं. रुग्णालय फोडणाऱ्यांपैकी काहींना नंतर अटक झाली आणि तेही जामिनावर सुटले. आधी कोण, नंतर कोण, या क्रमात सगळं आलं.

बंदविरोधी पोस्टनंतरचा बंद

पुढचे दहा दिवस धामधुमीचे होते. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र पाठवून विचारलं, की गुन्हा न केलेल्या माणसाला अटक करणं हाच दंड संहितेच्या ३४१ आणि ३४२ कलमांखाली (बेकायदा अडवणं आणि डांबून ठेवणं) गुन्हा नाही का? राज्य सरकारने पोलीस महानिरीक्षकांकडून चौकशी करवली. जबाबदारी ठाण्यावर थांबली नाही. २७ नोव्हेंबरला ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक, दोघेही निलंबित झाले. (पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, तो १ ऑगस्ट २०१४ चा.) कोठडी सुनावणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची बदली मुंबई उच्च न्यायालयाने जळगावला केली.

आणि २८ नोव्हेंबरला पालघर बंद झालं. निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने बंद पुकारला होता. दुकानं आदरापोटी बंद ठेवतात की भीतीपोटी, असं विचारणाऱ्या पोस्टवरून सुरू झालेलं प्रकरण आपल्याच गावात शटर खाली ओढून दहा दिवसांनी पुन्हा तिथेच आलं. त्याच सुमारास पालघरमध्येच आणखी एका १९ वर्षांच्या मुलाला फेसबुकवरच्या राज ठाकरे यांच्याबद्दलच्या मजकुरावरून ताब्यात घेण्यात आलं आणि मग सोडून देण्यात आलं. वरिष्ठ निलंबित होऊन चोवीस तास जेमतेम उलटले होते.

निलंबनाबद्दल मला थोडं वेगळं वाटतं, ते इथेच सांगून टाकतो. त्याने एक संदेश गेला, हे मान्य. पण त्या रात्री हुकूम पाळण्याची, दबाव झेलण्याची, जमाव पांगवण्याची यंत्रणा कशी चालते, याकडे कुणी पाहिलं नाही. अंत्यसंस्कारासाठी आजूबाजूची कुमक मुंबईत, पोलीस ठाण्यात मोजकी माणसं, बाहेर शेकडोंचा जमाव, अशा स्थितीत तालुक्याच्या ठाण्याने काय करावं, याचं लेखी उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं.

खटला मात्र उभा राहिला नाही. पोलिसांनी प्रकरण बंद करायचं ठरवलं, आणि महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात कबूल केलं की ही अटक अनावश्यक आणि घाईची होती.

दिल्लीतला खटला

पालघरच्या बातम्या दिल्लीत वाचणाऱ्यांमध्ये श्रेया सिंघल ही कायद्याच्या शिक्षणाकडे वळलेली तरुणी होती. नोव्हेंबर संपता संपता तिची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा सरन्यायाधीश अल्तमास कबीर यांनीच विचारलं, की या कलमाला आतापर्यंत कुणी आव्हान कसं दिलं नाही. प्रश्न रास्त होता. हे कलम २००८ च्या दुरुस्तीतलं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याच्या आत, डिसेंबरमध्ये, संसदेत चर्चेविना मंजूर झालेलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेलं. २०१२ हे वर्ष तर या कलमाच्या सुगीचं होतं. एप्रिलमध्ये ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून जाधवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा अटकेत गेले. मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी आर्थर रोड तुरुंगात पोचले, त्यांच्यावर राजद्रोहसुद्धा लावला होता. ऑक्टोबरमध्ये पुद्दुचेरीत एका उद्योजकाला केंद्रीय मंत्र्याच्या मुलावरच्या ट्वीटसाठी पहाटे उचललं. यात काँग्रेस, तृणमूल, शिवसेना अशा सगळ्यांच्या भावना आळीपाळीने दुखावलेल्या दिसतात. कलमाला पक्ष नव्हता.

केंद्राने तात्पुरती मलमपट्टी केली: ६६-अ खाली कारवाई करायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी घ्या. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचना पाळायला सांगितलं. मूळ याचिकेभोवती इतरही याचिका गोळा झाल्या: पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना, कॉमन कॉज ही संस्था, ग्राहकांची मतं छापणारं मुंबईचं माउथशट डॉट कॉम हे संकेतस्थळ.

निकाल आला २४ मार्च २०१५ ला. न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांचं खंडपीठ. निकालपत्र नरिमन यांचं. ते वाचायला लांब आहे, पण गाभा साधा आहे. मताचे तीन टप्पे असतात: चर्चा, पुरस्कार (म्हणजे त्या मताची बाजू मांडणं) आणि चिथावणी. पहिल्या दोन टप्प्यांत मत कितीही अप्रिय असो, राज्यघटनेचं कलम १९ (१) (अ) त्याचं रक्षण करतं. चिथावणीपाशी पोचल्यावरच १९ (२) ची बंधनं सुरू होतात. ती बंधनं आठ आहेत आणि त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, शालीनता, गुन्ह्याला चिथावणी वगैरे येतात. 'त्रास' आणि 'गैरसोय' त्यांत नाहीत. एखाद्याला त्रास झाला म्हणून समाजाची घडी विस्कटत नाही. न्या. नरिमन यांनी ब्रिटनमधले दोन खटले समोर ठेवले, जिथे एकाच मजकुराकडे पाहून खालचे आणि वरचे न्यायाधीश उलटसुलट निष्कर्षांवर आले होते. मुरलेल्या न्यायाधीशांना जे ठरवता येत नाही ते फौजदाराने कसं ठरवायचं?

निकालातली मला सर्वांत आवडणारी जागा वेगळी आहे. अतिरिक्त सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सांगितलं, की सरकार या कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही. न्यायालयाचं उत्तर असं, की सरकारं येतील आणि जातील, ६६-अ मात्र राहील. आजच्या सरकारचं वचन उद्याच्या सरकारला बांधत नाही. आणि म्हणून कलम संपूर्ण रद्द. याला मुंबईचा एक जुना धागाही आहे. १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या मुंबईतून निघणाऱ्या साप्ताहिकाला मद्रास राज्यात येऊ दिलं गेलं नाही, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली होती. सरकारने मग पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती करून 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे बंधन १९ (२) मध्ये घातलं. न्यायालयाने दार उघडायचं आणि संसदेने खिडकी लावायची, हा खेळ प्रजासत्ताकाइतकाच जुना.

त्याच निकालाने कलम ६९-अ, म्हणजे सरकारने संकेतस्थळं आणि मजकूर ब्लॉक करण्याचा अधिकार, कायम ठेवला. कारण लेखी कारणं, समिती, बाजू मांडण्याची संधी अशी कवचं नियमांत आहेत. कागदावर आहेतच. पण २००९ च्या त्याच नियमांतला १६ वा नियम सगळं गोपनीय ठेवायला सांगतो, म्हणून ज्याचं खातं बंद होतं त्याला बहुतेक वेळा आदेशच हाती पडत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मेलेलं कलम

कलम रद्द झाल्यावर ठाण्यांनी काय केलं? वापरत राहिले. पीयूसीएलने २०१९ मध्ये हे सर्वोच्च न्यायालयात मांडलं, तेव्हा निकालाच्या प्रती उच्च न्यायालयांमार्फत जिल्हा न्यायालयांना आणि मुख्य सचिवांमार्फत पोलिसांना पाठवा असा आदेश झाला. २०२१ मध्ये संघटना पुन्हा गेली. तिने जमवलेल्या आकडेवारीनुसार अकरा राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत मार्च २०२१ पर्यंत ६६-अ खालचे ७४५ खटले चालूच होते. निकालानंतर नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या १,३०७, आणि त्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा: ३८१. म्हणजे ज्या राज्यातल्या अटकेमुळे कलम गेलं, तेच राज्य ते वापरण्यात आघाडीवर. न्या. नरिमन निवृत्तीला आलेले होते आणि योगायोगाने तेच खंडपीठावर होते. हे सगळं धक्कादायक आहे, असं ते म्हणाले. महान्यायवादी वेणुगोपाल यांचा खुलासाही ऐकण्यासारखा होता: कायद्याच्या छापील पुस्तकात कलम अजून तसंच छापलेलं असतं, आणि ते रद्द झाल्याचं तळटिपेत असतं.

तळटीप कोण वाचतो? ठाण्यात गुन्हा नोंदवणारा हवालदार वाचत नाही. पण सगळा दोष त्याच्या माथी मारून चालणार नाही. त्या ७४५ खटल्यांत कुणीतरी दोषारोपपत्र तपासलं, कुणीतरी सरकारी वकील उभा राहिला, कुणीतरी न्यायाधीश तारखा देत राहिले, आणि बचावाच्या वकिलानेही पहिल्या तारखेला उठून 'हे कलम अस्तित्वातच नाही' असं म्हटलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पुन्हा पत्र लिहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने प्रलंबित प्रकरणांतून हे कलम वगळण्याचा आदेश दिला. महापात्रा यांची खटल्यातून सुटका जानेवारी २०२३ मध्ये झाली, व्यंगचित्र पाठवल्यापासून जवळपास अकरा वर्षांनी.

तेच ठाणं, दुसरं कलम

६६-अ खरोखर हद्दपार झालं असतं तरी पालघर टळलं असतं का? मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवार यांच्यावरच्या, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या ओळी फेसबुकवर टाकल्या. ओळी हीन होत्या, असं माझं मत आहे. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं १५३-अ आणि ५०५ (२) लागलं. सुमारे ४० दिवस त्या तुरुंगात होत्या. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातला फार्मसीचा एक विद्यार्थी ट्वीटवरून आत गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाला सरकारी वकिलांना सुचवावं लागलं, की एखाद्या विद्यार्थ्याला असं तुरुंगात ठेवलेलं त्या ज्येष्ठ नेत्यालाही आवडणार नाही. २०१२ मध्ये गृहखातं पवारांच्या ज्या राष्ट्रवादी पक्षाकडे होतं आणि ज्याने पालघरच्या अधिकाऱ्यांना निलंबित केलं, २०२२ मध्येही ते त्याच पक्षाकडे होतं. फरक एवढाच, की या खेपेला भावना त्यांच्या दुखावल्या होत्या.

दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५०५ (२) आता ३५३ (२) आहे, १५३-अ आता १९६ आहे. शब्द जवळपास तेच.

एक चांगली गोष्टही झाली. २८ मार्च २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा, इन्स्टाग्रामवरच्या एका कवितेसाठी दाखल झालेला गुन्हा रद्द केला आणि पोलिसांना एक वाट दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) नुसार तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मामला बोलण्या-लिहिण्याचा असेल तर ही चौकशी साधारणपणे करायलाच हवी, असं न्यायालयाने सांगितलं. ३५३ (२) आणि १९६ दोन्ही यात बसतात. माझ्या मते पालघरच्या दुखण्यावरचा हा पहिला उपाय, जो ठाण्याच्या उंबरठ्यावर लागू होतो. चौदा दिवसांत जमाव घरी जातो.

दोनच महिन्यांत त्याची परीक्षा झाली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका काश्मिरी विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली, धमक्या आल्यावर दोन तासांत काढली, माफी मागितली. तिला अटक झाली, महाविद्यालयाने काढून टाकलं, ती येरवड्याला गेली. या वेळी कलमांच्या यादीत न्याय संहितेचं १५२ होतं, देशाचं सार्वभौमत्व आणि ऐक्य धोक्यात आणण्याबद्दलचं, ज्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. म्हणजे १७३ (३) ची सातच्या आतली मर्यादा आपोआप ओलांडली गेली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला तत्काळ सोडायला सांगितलं आणि सरकार व महाविद्यालय दोघांनाही खडसावलं, तोवर परीक्षा सुरू झाल्या होत्या.

पालघरला अजामीनपात्र कलम जोडून जामीन अडवला होता. इथे जड कलम जोडून प्राथमिक चौकशी टाळता आली. युक्ती तीच. वरिष्ठाची परवानगी हाच रामबाण उपाय, असं २०१२ पासून वारंवार सुचवलं जातं, पण पालघरच्या चौकशीत जबाबदारी थेट जिल्ह्याच्या अधीक्षकांपर्यंत पोचली होती. परवानगीचा कागद त्या रात्री मागितला असता तर तोही मिळाला असता. उरतो तो रिमांडचा टप्पा. दंडाधिकाऱ्याने गुन्ह्याचा कागद वाचून, आरोपीला कोठडीत पाठवण्याआधी, लावलेल्या प्रत्येक कलमासमोर विचारायचं, की या मजकुरातली कोणती ओळ या कलमात बसते. त्या सोमवारी पालघरमध्ये हा प्रश्न विचारला गेला असता तर ५०५ (२) तिथेच गळालं असतं आणि जामीन मागावाच लागला नसता.